शेवट कुणीच पाहिला नव्हता

एर्मेते गास्पारीच्या सलूनमध्ये गेले दहा दिवस लोक सभ्यपणे बोलत होते, आणि तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं तो मोंतेरास्कोच्या पुरुषांच्या दाढ्या करत होता. खुर्चीत बूड टेकलं, गळ्याभोवती पांढरं कापड आलं, की पहिल्या पाच मिनिटांत कुणाच्या तरी मेहुणीचा नाहीतर निदान फुटबॉलच्या पंचाच्या आईचा उद्धार व्हायचाच. आता म्हणे यंदा द्राक्षं बरी आली आहेत. आता म्हणे शाळेच्या छपराचं काम एकदाचं निघालं. तोंडं ही अशी, आणि डोळे आरशातून त्याच्याकडे. त्याने बघितलं की ते झटकन छताकडे जायचे. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

खरं म्हणजे ते सलून सभ्यपणासाठी प्रसिद्ध नव्हतंच. दर डिसेंबरात एर्मेते गिऱ्हाइकांना खिशात मावेल एवढं, अत्तर लावलेलं, रेशमी गोंडा ओवलेलं कॅलेंडर वाटायचा. बारा महिने, बारा बायका, अंगावर फारसं काही नाही. गावोगावचे न्हावी वाटायचे तसा तोही वाटायचा, एक डोळा बारीक करून. आता ऑक्टोबर चालू होता, शहात्तर सालच्या कॅलेंडरांचं खोकं आलं होतं, आणि एकाही हरामखोराने "दाखव की जरा" म्हटलं नव्हतं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. एर्मेतेची एकुलती एक मुलगी फिओरेन्झा चार वर्षांपूर्वी रोमला गेली होती. आधी टायपिंग शिकायला, मग साबणाच्या जाहिरातीत, मग सिनेमात. सिनेमात म्हणजे दोन वाक्यांची नर्स, एका वाक्याची हवाई सुंदरी. गेल्या उन्हाळ्यात तिला पहिल्यांदा मोठं काम मिळालं. तिने लिहिलं होतं, "विनोदी आहे, जर्मन लोकांबरोबर आहे. पपा, तू नको बघूस." हे शेवटचं वाक्य एर्मेतेने बायकोला वाचून दाखवलं नव्हतं.

तो सिनेमा, 'गाडीत जागा आहे', आता चाळीस मिनिटांवरच्या माचेरात्यात लागला होता.

आणि शनिवारी फिओरेन्झाचं पत्र आलं. पुढच्या शनिवारी सकाळच्या बसने येते, रविवारी राहते. नको असेन तर तसं कळव, मी समजून घेईन. पत्र चार ओळींचं होतं, पण एर्मेतेला त्यातली न लिहिलेली पाचवी ओळ नीट वाचता आली. रविवारी प्रार्थना संपली की अख्खं गाव चौकात फेऱ्या मारतं. फिओरेन्झा घरी असली की बापाच्या हातात हात घालून तीन फेऱ्या मारायची, लहानपणापासून. तिला विचारायचं होतं ते एवढंच, की या वेळी हात देणार का? एर्मेतेला उत्तर ठाऊक नव्हतं. हात दिला आणि मागे लोक हसले तर? नाही दिला, तर पोरगी पुन्हा या गावात पाय ठेवणार नव्हती. ती आईवर गेली नव्हती, बापावर गेली होती.

त्याने चौकशी सुरू केली. न्हाव्याला पोलिसांपेक्षा एक सोय जास्त असते, प्रश्न विचारताना वस्तरा समोरच्याच्या गळ्यावर असतो.

"डॉक्टर, परवा माचेरात्याला गेला होतात म्हणे," त्याने तार्चिझिओला विचारलं. तार्चिझिओ औषधाच्या दुकानाचा मालक, गावात त्याला सगळे डॉक्टर म्हणत.

"गेलो होतो. म्हणजे, औषधं आणायला."

"आणि सिनेमाला?"

वस्तरा थांबला. तार्चिझिओने आवंढा गिळला, जपून. "डोकावलो जरा. मध्यंतरात उठून आलो. शेवट काही मी पाहिला नाही."

चौकातल्या कॉफीबारचा नाझारेनो म्हणाला, पाऊस आला म्हणून तो थेटरात शिरला, आणि तिथे गाढ झोप लागली. शेवटाच्या वेळी तर घोरत होता म्हणे. पोस्टातला क्लार्क म्हणाला, त्याचं पोट बिघडलं, शेवटाच्या आधी पळावं लागलं. गावचे पाद्री फादर सेत्तिमिओ म्हणाले, "मी असले सिनेमे बघत नाही, एर्मेते. आणि त्या शेवटाबद्दल तर मी काही बोलणारच नाही."

"मग शेवटात काहीतरी आहे हे तुम्हाला कुठून कळलं, फादर?"

"कानावर येतं रे बाबा," फादर सेत्तिमिओ म्हणाले आणि दाढी अर्धवट झालेली असतानाच उठले.

म्हणजे सिनेमा सगळ्यांनी पाहिला होता आणि शेवट कुणीच पाहिला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं. घरीसुद्धा. बायको देल्फिना दोन गुरुवार दाताच्या डॉक्टरकडे म्हणून माचेरात्याला गेली होती, आणि परत आल्यावर दोन्ही वेळा कडक पाव कुडुमकुडुम चावून खाल्ला होता. एर्मेतेने डोळ्यांत तेल घालून बघितलं, गाल जरासुद्धा सुजला नव्हता. दोघं जेवताना द्राक्षांबद्दल बोलले.

सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. एर्मेतेने हॅट घातली, काळा चष्मा लावला, ऊन असताना मफलर गुंडाळला आणि दुपारची बस धरली.

सिनेमाला वेळेवर जायचं असतं हे त्या काळी कुणाच्या गावीही नव्हतं. थेटर दुपारी उघडायचं, सिनेमा गोल गोल फिरत राहायचा, माणूस वाटेल तेव्हा आत शिरायचा आणि जिथून बघायला सुरुवात केली तिथवर आलं की उठायचा. एर्मेतेही तसाच शिरला. आत अंधार, धूर, आणि पडद्यावर समुद्र. तो चाचपडत मागून दुसऱ्या रांगेत बसला, आणि काळा चष्मा काढून रोजचा लावायचं सुचेपर्यंत त्याला कळलं की आपण नेमके शेवटालाच आलो.

पडद्यावर वाळूत रुतलेली आइस्क्रीमची गाडी होती. दोन सोनेरी केसांची जर्मन पोरं एकमेकांना व्हॅनिला फेकून मारत होती. कुणावरून, ते दिसतच होतं. वाळूत उभी राहून फिओरेन्झा हसत होती. तिचा चेहरा पडदाभर. एर्मेतेला वाटलं, किती वाळली आहे ही. मग चेहरा गेला आणि पाठ आली. एका हाताने केस वर धरले गेले, दुसऱ्या हाताने फ्रॉक खाली सोडला गेला, आणि ती पाठ सावकाश, फार सावकाश, समुद्रात चालत गेली. थेटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग गाडी घरंगळत पाण्यात, पोरं चड्डीवर गाडीच्या मागे, पुन्हा फिओरेन्झाचा चेहरा, हात हलवून टाटा. संपला. दिवे लागले.

एर्मेते खुर्चीत इतका खाली सरकला की हॅट नाकावर आली. पण लाजेने त्याला काही सुचायच्या आधी पुढे बसलेल्या माना दिसल्या. मागून बघितलेला माणूस त्याला कधी चुकत नसे. तिसऱ्या रांगेतली ती मांसल मान, कानाशी जरा वर उचललेला केस, तो नाझारेनो. गाढ झोपलेला, म्हणे. त्याच्या शेजारची सरळ कापलेली मान पोस्टाच्या क्लार्कची, पोट बरं झालं होतं वाटतं. डावीकडे एक टोपी कान झाकून बसली होती, पण टोपीखालून डोकावणारी रेषा एर्मेतेने शुक्रवारी स्वतः आखली होती. सगळे त्याचे स्वतःचे हात लागलेले. दिवे गेले, आणि एकही मान हलली नाही. त्यांनाही शेवट पुन्हा बघायचा होता.

तो बसून राहिला. नव्वद मिनिटं त्याने म्युनिचपासून समुद्रापर्यंतची ती गाडी, पंक्चर, नन्सची सहल, चुकीच्या खोलीत शिरलेला पोलीस, सगळं सहन केलं. पोरीला विनोद चांगला जमत होता. दोनदा तो हसला आणि स्वतःवर चिडला. पण त्याचं डोकं एकाच गोष्टीवर बसलं होतं. सहा वर्षांची असताना फिओरेन्झाने सलूनमधलं उकळत्या पाण्याचं तांब्याचं भांडं ओढून घेतलं होतं. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर तळहाताएवढा भाजल्याचा डाग पडला होता, चुरगळलेल्या कागदासारखा. तो डाग एर्मेतेला झोपेतही दिसायचा. भांडं काठाशी ठेवलं होतं ते त्यानेच.

शेवट आला. व्हॅनिला, हसू, चेहरा. मग पाठ.

डाग नव्हता.

एर्मेते पुढच्या खुर्चीला धरून उभाच राहिला. मागून कुणीतरी "बस की रे!" म्हणून ओरडलं. गुळगुळीत पाठ, फऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. चेहरा एका तुकड्यात, पाठ दुसऱ्या तुकड्यात. असं करतात हे लोक, कुठेतरी वाचलं होतं त्याने. चेहरा एकीचा, अंग दुसरीचं. जोडून टाकतात आणि बिचाऱ्या पोरीचं नाव खराब होतं!

केस वर धरले होते तिथे, मानेच्या डाव्या बाजूला, केसांचा एक उलटा भोवरा मात्र त्याला दिसला. बोटभर भोवरा, पडद्यावर हातभर दिसला. एर्मेतेने लगेच नजर फऱ्याकडे नेली. केस वर धरलेल्या माना सगळ्या सारख्याच दिसतात, त्याने स्वतःला सांगितलं. असं काही नसतं हे मोंतेरास्कोत फक्त त्याला एकट्याला माहीत होतं.

खात्री करायला तो तिसऱ्यांदा शेवटापर्यंत बसला. भोवऱ्याच्या वेळी त्याने चष्मा पुसला. मग पोस्टात जाऊन तार केली. "ये. पपा."

मंगळवारी सलूनमध्ये तो गातच होता.

"पाठ तिची नाहीच!" त्याने तार्चिझिओच्या गालावर फेस थापत जाहीर केलं. "चेहरा तिचा, पाठ कुणा दुसरीची. माझ्या पोरीच्या खांद्यावर हा एवढा डाग आहे. त्या पाठीवर आहे का? सांगा!"

"आता आम्ही काय सांगणार," तार्चिझिओ म्हणाला. "आम्ही शेवट पाहिला नाही."

"असेल बुवा. कॅमेऱ्याची करामत," पोस्टाचा क्लार्क म्हणाला. तो ज्या आवाजात म्हणाला तो एर्मेतेला आवडला नाही. आजारी माणसाला रंग बरा दिसतोय म्हणतात, तो आवाज.

नाझारेनो मात्र वर्तमानपत्रामागून बोलला. "डाग आहे हे तू म्हणतोस. आम्ही कुणी बघितलाय?"

"मी खोटं बोलतोय?"

"तसं कुठे म्हटलं? बाप आहेस तू. बाप म्हणणारच."

एर्मेतेचं टाळकं सरकलं. "शनिवारी अकरा वाजता या इथे. तुम्ही तिघं. स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि मग रविवारी चौकात कोण हसतो तेही मी बघतो."

फिओरेन्झा शनिवारी साडेनऊच्या बसने उतरली. राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं, केसांचा अंबाडा. आईने तिला दारातच पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. एर्मेतेने त्याचीही नोंद घेतली.

स्वयंपाकघरात कॉफी उकळेपर्यंतही त्याला दम निघाला नाही. "मी बघितला सिनेमा," तो म्हणाला. "तीनदा. आणि मला माहीत आहे, ती तू नव्हेस. डाग नाही ना! मी ओळखलं. बाकी गावाला ओळखता आलं नाही, पण मी बाप आहे."

फिओरेन्झाने आईकडे बघितलं. देल्फिना एकच कप पुन्हा पुन्हा धूत होती.

"पपा," फिओरेन्झा म्हणाली, "यंदाची कॅलेंडरं आली का?"

"आली. तुझं काय मध्येच?"

"गोंडे कुणी ओवले? दरवर्षी मी ओवायचे. आठ वर्षांची होते तेव्हापासून."

"आईने ओवले. ते राहू दे. आता अकरा वाजता सलूनमध्ये चल. तिघंच आहेत, सगळे आपलेच, तुला अंगाखांद्यावर खेळवलेले. नुसता डाग दाखवायचा. कॉलर जरा खाली केली की झालं."

"किती खाली?"

"एवढीच ग. इथपर्यंत." त्याने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. "एक मिनिटाचं काम. मग कायमची कटकट मिटली. उद्या आपण ताठ मानेने फेऱ्या मारू."

"एर्मेते," देल्फिना म्हणाली, "तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

"तू गप्प बस. तुझ्या दातांचं आपण नंतर बघू."

फिओरेन्झा त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, तो रागाला तयार होता. ते बघणं त्याला लागलं नाही, तेवढा वेळ त्याला नव्हता. "चल," ती म्हणाली. "तुझ्यासाठी करते."

सलूनमध्ये तिघं आधीच हजर होते, उपासाच्या दिवशी मेजवानीला बोलावल्यासारखे साळसूद चेहरे करून. तार्चिझिओ खुर्चीत, अर्ध्या गालाला फेस. अर्धी दाढी उरकून एर्मेते मुलीला आणायला पुन्हा घरी गेला होता, म्हणून तो फेस घेऊनच बसून राहिला होता. तिघांनी उठून फिओरेन्झाला नमस्कार केला, प्रवास कसा झाला विचारलं. नाझारेनोने दार लावून घेतलं आणि पडदा ओढला.

"पडदा कशाला?" एर्मेतेने विचारलं.

"अरे, मुलीची जात. बाहेरच्यांनी बघायला नको."

फिओरेन्झाने कोट काढून खुंटीला लावला. ती तिघांकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे तोंड बापाकडे. ब्लाऊजची तीन बटणं काढली. मग एका हाताने अंबाडा सोडून केस वर धरले आणि दुसऱ्या हाताने कॉलर मागून खाली ओढली.

एर्मेते आरशासमोर उभा होता. त्याला तो हात दिसला. केस वर धरणारा, कोपर जरा बाहेर काढलेला. तोच हात होता. काही वेगळं म्हणायला जागाच नव्हती. तो दोन पावलं बाजूला सरकला आणि तिची पाठ दिसली. डाग होता, डाव्या फऱ्यावर, तळहाताएवढा. त्याच्या वर, केसांच्या कडेला, उलटा भोवरा. आणि पाठीच्या पलीकडे तिघांचे चेहरे. कुणी डागाकडे बघत नव्हतं. तिघांची तोंडं किंचित उघडी होती. थेटरात त्याने फक्त माना बघितल्या होत्या. त्या मानांच्या पुढच्या बाजूला काय असतं ते आता दिसत होतं. तार्चिझिओच्या गालावरचा फेस ओघळून कॉलरवर पडला आणि त्याचं त्यालाही भान नव्हतं.

"जरा अजून खाली," नाझारेनो म्हणाला. आवाज बसला होता. "डाग नीट दिसत नाही."

इतकी लाज एर्मेतेला त्या थेटरातसुद्धा वाटली नव्हती.

फिओरेन्झाची नजर त्याच्यावरून हलली नव्हती. "तिकडेही हेच म्हणाले होते, पपा," ती हळू म्हणाली. "एवढंच ग. इथपर्यंत. एक मिनिटाचं काम आहे. मग म्हणाले, जरा अजून खाली."

त्याने खुर्चीच्या पाठीवरचं मोठं पांढरं कापड ओढलं आणि तिच्या खांद्यांवर टाकलं. कापड टाकायचं काम त्याने आयुष्यात लाखदा केलं असेल, पण या वेळी गाठ बसेना.

"ती मीच होते," फिओरेन्झा म्हणाली. आता हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मेकअपवाल्याने तासभर थर चढवून डाग झाकला. तुला खोटं सांगता आलं असतं. आई म्हणाली होती, सांगून टाक खोटं."

"माहीत आहे मला," एर्मेते म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तूच होतीस ते. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच कळलं. भोवरा आहे तुझ्या मानेवर. मी बारा वर्षं तुझे केस कापलेत, मला नाही कळणार?" त्याने कापडाची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. "नाही बघायचं म्हणून मी चष्मा पुसत बसलो."

मग तो तिघांकडे वळला. "ऐकलंत? तीच आहे. माझी मुलगी आहे. शेवट तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, मीही तीनदा बघितलाय. आता निघा इथून."

"एर्मेते, तू उगीच..." नाझारेनो म्हणाला.

"तिसरी रांग, उजवीकडून चौथी खुर्ची. बाहेर हो."

पोस्टाचा क्लार्क न सांगताच निघाला. तार्चिझिओने गालाला हात लावला. "अरे, पण माझी अर्धी दाढी..."

"उरलेली घरी करा, डॉक्टर. आणि डिसेंबरात इकडे फिरकू नका. यंदा कॅलेंडर नाही."

तिघांमागे दार लागलं. एर्मेतेने पडदा पूर्ण उघडला, चौकातलं ऊन थेट खुर्चीपर्यंत आलं. फिओरेन्झा कापड गच्च धरून उभी होती. ती रडत होती की नाही ते त्याने बघितलं नाही. त्याने खुर्ची झटकली.

"बस."

"कशाला?"

त्याने बारीक कात्री घेतली, तिचे केस हलकेच वर करून चिमट्यात अडकवले. भोवऱ्याखालच्या चार बटा रोमच्या कुणीतरी वाकड्या कापल्या होत्या.

"उद्या चौकात तीन फेऱ्या मारायच्या आहेत," तो म्हणाला. "सगळे मागूनच बघणार. मान नीट दिसायला हवी."